आत जाऊन आलेला माणूस

बॉयलरमामा कुठलीही वस्तू आधी वाजवून बघायचे. माठ, टरबूज, माझं नवं हेल्मेट, सगळ्यांवर टकटक. मग मान तिरपी करून ऐकायचे आणि निकाल द्यायचे. चिकलठाण्याच्या सरकी-तेलाच्या कारखान्यात मी इंजिनिअर म्हणून लागलो, तेव्हा तिथला बॉयलर सांभाळणाऱ्या मामांनी माझ्या पाठीवरही थाप मारली. "थोडे पोकळ हाय साहेब. भराल हळूहळू."

वर्षातून एकदा बॉयलर आठ दिवस थंड ठेवायचा, हा तिथला नेम होता. तेवढे दिवस दुसरा, राखीव बॉयलर चालायचा. मामा हातोडी आणि टॉर्च घेऊन अरुंद भोकातून आत शिरायचे आणि एकेक नळी वाजवत जायचे. ते काळेठिक्कर होऊन बाहेर येईपर्यंत जुने मालक तिथून हलत नसत. मग नारळ फुटायचा. "मालक म्हंजे बाहेर थांबतो तो," मामा म्हणायचे.

ते मालक वारले आणि मुलांनी कारखाना एका गुंतवणूक फंडाला विकला. फंडाने तो कर्ज काढून विकत घेतला आणि ते कर्ज कारखान्याच्याच डोक्यावर ठेवलं. चार-पाच वर्षं पिळायचं आणि पुढच्याच्या गळ्यात घालायचं, एवढाच त्यांचा धंदा. याला गुंतवणूक म्हणतात, याचा मला आजही संताप येतो. त्यांचे तिघे एकदाच आले. राखीव बॉयलर बघून एकाने विचारलं, "हा रिकामा का उभा आहे?"

"तो रिकामा हाय म्हणून तर पहिल्याला विसावा भेटतो," मामा म्हणाले.

महिनाभरात तो बॉयलर विकला गेला. पाठोपाठ मागची जमीनही गेली, विहिरीसकट. शहर वाढतच होतं, तिथे इमारती उठल्या. एका इमारतीत मीही फ्लॅट घेतला. कामावर चालत जाता येणार होतं.

नेमका दुष्काळ पडला. विहीर गेलेली, म्हणून टँकरचं खारट पाणी आलं. त्याचा थर नळ्यांच्या आत धरू लागला. असा थर वाढला की नळी तापते आणि एक दिवस फुटते, कधी अख्खा बॉयलर घेऊन. पण आता बॉयलर थंड करायचा तर कारखानाच बंद. वरून फोन आला, यंदाची तपासणी कागदावर उरका. मामांनी सही करायला साफ नकार दिला.

"मी आत गेलोच नाय, तर आत काय हाय ते कसं लिहू?"

सही मी केली. मामांना घरी बसवलं.

माझ्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला ते आपल्या गावाहून, लासूर स्टेशनहून, मुद्दाम आले. मागच्या खोलीत भिंतीवर टकटक केली आणि बराच वेळ कान लावून उभे राहिले. इमारत कारखान्याला खेटूनच उभी होती, भिंतीपलीकडेच बॉयलर होता.

"सही तुमची, आन् लेकरंबी तुमचीच," ते म्हणाले. "त्यांना पुढच्या खोलीत झोपवा."

जेवायला थांबले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात मामा वारले. मधल्या काळात फंडाने कारखाना दुसऱ्या फंडाला विकला. बॉयलर अजून थंड झालेला नाही.

मीही फ्लॅट विकायला काढलाय. सांगायला लाज वाटते. गेल्या रविवारी एक जोडपं बघायला आलं. बाईला दिवस गेलेले. मागच्या खोलीत तिने भिंतीला तळहात लावला.

"गरम लागतेय हो. पलीकडे काय आहे?"

मला मामांची हातोडी स्पष्ट ऐकू आली.

"जुना कारखाना आहे," मी म्हणालो. "काही त्रास नाही."