वरच्या रॅकवरची हळद

खोडदमध्ये वैजयंती भोरला 'उंदीरडॉक्टर' म्हणतात, आणि म्हणणारे बहुतेक तिचे भाऊबंदच. पोरगी जनावरांची डॉक्टर झाली तेव्हा गावाला वाटलं, चला, गाईम्हशींची सोय झाली. हिनं काय केलं, तर मंचरच्या अलीकडे एका संशोधन संस्थेत नोकरी धरली आणि उंदरं सांभाळायला लागली. "आमची म्हैस अडली तर हिला येळ न्हाई, आन् उंदराला शिंक आली की पळती," असं तिचा चुलता भागू चारचौघांत ऐकवायचा. वैजयंती हसून सोडून द्यायची. दुसरं करणार काय?

काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. रोगाला अडवायला आपल्या शरीरात एक राखण असते. कधी कधी ती राखणच पिसाळते आणि घरच्यांना चावत सुटते. सांध्यांना चावली की बोटं सुजतात, वाकडी होतात, सकाळी तासभर मूठ मिटत नाही. लोक त्याला आमवात म्हणतात. त्यावरच्या एका नव्या औषधामागे वैजयंती सहा वर्षं लागली होती.

आता शेवटची मोठी चाचणी चालू होती. साठ उंदरांना सांध्यातलं एक प्रथिन टोचून तोच आजार आणला होता. त्यांचे पाय सुजले, मग तीस पिंजरे वरच्या रॅकवर आणि तीस खालच्या रॅकवर ठेवले, एका पिंजऱ्यात एक उंदीर. एका रॅकच्या पाण्यात औषध, दुसऱ्याच्या पाण्यात काही नाही. कुठल्या रॅकला औषध आहे हे तिलासुद्धा माहीत नव्हतं, ते पुण्यातल्या एका सहकाऱ्याकडे पाकिटात बंद होतं. तिनं फक्त दर आठवड्याला पाय मोजायचे आणि फोटो काढायचे.

पिंजरे धुणं, भुसा बदलणं, पाणी भरणं ही कामं सावळेराम केंगलेंकडे. माणूस तळेघरकडचा, घरी भात-नाचणीची शेती, इथं नोकरीला अकरा वर्षं. वैजयंती त्यांना मामा म्हणायची. बोलणं कमी, पण पिंजऱ्याकडे नुसतं बघून कुठला उंदीर आज खाल्ला नाही ते सांगायचे, आणि तपासलं तर ते खरं निघायचं. तिच्या हाताखालच्या शिकलेल्या पोरांना हे जमलं नसतं, हे ती त्या पोरांच्या तोंडावर सांगायची.

सप्टेंबरअखेर पाकीट उघडलं. वरच्या रॅकला औषध होतं, आणि वरच्याच रॅकवरची सूज झपाट्यानं उतरली होती. तिला आभाळ ठेंगणं झालं. संस्थेचे प्रमुख सुभाष सर, एरवी चहाच्या बिलावर दोनदा नजर फिरवणारा माणूस, त्यांनी पेढे मागवले. खोडदला फोन गेला. भागूतात्यांनी, काय अचाट पराक्रम केलाय ते धड कळलं नसतानाही, गावभर सांगितलं.

आठवड्यानं ती शोधनिबंधासाठी फोटो मोठे करून बघत बसली होती. एका पायाच्या नखाशी पिवळसर झाक दिसली. तिला वाटलं, दिव्याचा दोष असेल. दुसरा फोटो उघडला, तिथंही पिवळं. वरच्या रॅकच्या तीसही उंदरांचे पाय नखांशी पिवळे, आणि खालच्या रॅकचे स्वच्छ गुलाबी. फोटोवरची तारीख तिनं कॅलेंडरात शोधली. भाद्रपदातली अमावास्या.

आपल्या भागात पोळा श्रावणात नव्हे, त्या दिवशी असतो. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी करतात, वर्षभर जू वाहून दुखावलेल्या खांद्याला गरम पाणी लावायचं, मग हळद-तूप चोळायचं. तिच्या वडिलांची नखं नंतर चार-चार दिवस पिवळी असायची. त्या रंगाची जात तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

ती थेट धुण्याच्या खोलीत गेली. "मामा, पोळ्याच्या आदल्या दिवशी उंदरांना काही लावलं होतं?"

"व्हय," सावळेराम म्हणाले. लपवायचं काही असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. "हळद-तूप. घरनं डबी आणली व्हती. वरच्या फळीपुरतीच व्हती, खालच्यांना पुरली नसती. मंग चार दिस वरच्यांनाच लावलं, आरदं सोडू नये म्हून."

"पण का?"

"वरीसभर आपल्यापायी सोसत्यात. बैलाला करतो तर ह्यांला का नाय? पाय बघितलं न्हवं तुमी, म्याडम? टेकवत न्हवती."

यावर कुणी काय रागवावं? ती रागावली, तरी आवाज चढला नाही. तिनं समजावलं: सूज औषधानं उतरली, हळदीनं उतरली, की रोज कुणी हातात घेऊन चोळलं म्हणून उतरली, हे आता कुणीच सांगू शकत नाही. सहा वर्षांचा कस लावणारी चाचणी वाया गेली. सावळेरामांचा चेहरा पडला. ते तिथंच बादलीवर बसले.

सुभाष सरांना तिनं लगेच सांगितलं नाही. दोन दिवस गप्प राहिली, हे इथं लिहायलाच हवं, कारण ती काही संत नव्हे. पेढे वाटून झाले होते. मामा कुणाला सांगणार नव्हते. ते पिवळे फोटो सोडून बाकीचे छापले असते, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण उद्या हे औषध एखाद्या बाईच्या सुजलेल्या हातात पडलं आणि ते पाणीच निघालं तर? तिसऱ्या दिवशी तिनं फोटोंसकट सगळं रजिस्टरमध्ये लिहून काढलं आणि सरांपुढे ठेवलं.

"अहो, एक डबी हळद," सर म्हणाले. "एवढ्यानं काय होतंय?"

"तेच आपल्याला माहीत नाही, सर."

सरांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, निदान त्या माणसाला तरी काढा. तिनं नकार दिला. अकरा वर्षांत त्यांना काय करायचं नाही ते शंभरदा सांगितलं होतं, हे सगळं कशासाठी चाललंय ते एकदाही नाही. चूक तिच्या नावावर लिहिली गेली.

चाचणी पुन्हा करायची ठरली. सावळेरामांनी ऐकलं आणि विचारलं, "पुन्यांदा साठ?"

"साठ."

"पुन्यांदा त्यांचं पाय सुजवायचं?"

"हो."

"आन् दुखाया लागल्यावं?"

ती आपल्या खोलीत आली आणि परवानगीचा जुना अर्ज उघडून बसली. नवा त्याच्यावरूनच करायचा होता. अकराव्या ओळीत तिच्याच अक्षरात होतं: वेदनाशामक देणार नाही, निष्कर्षावर परिणाम होईल. खाली तिची सही. हे लिहायला तिला मिनिटही लागलं नव्हतं, कारण सगळे तसंच लिहितात. परवानगी देणाऱ्या समितीनंही विचारलं नव्हतं. सूज तशीच ठेवून नुसतं दुखणं कमी करणारी औषधं असतात, आणि दोन्ही रॅकना ती सारखी दिली तर तुलना बिघडत नाही, हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. पण मग दिवसातून दोनदा साठ उंदरांना डोस देणं आलं, तीन पानं जास्त भरणं आलं. तिनं कंटाळा केला होता. तिला स्वतःची लाज वाटली, भागूतात्यांच्या टोमण्यांनी कधी वाटली नव्हती इतकी.

तिनं ती ओळ खोडली. दोन्ही रॅकना, सुजेच्या पहिल्या दिवसापासून, सकाळ-संध्याकाळ असं लिहिलं आणि कागद घेऊन धुण्याच्या खोलीत गेली. मामांना तो सावकाश, समजावत वाचून दाखवला. आपल्याला कुणीतरी कागद वाचून दाखवतंय याचं त्यांना नवल वाटलेलं दिसत होतं. हात पुसून ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"हे आधी देता येत व्हतं?" त्यांनी विचारलं.

"येत होतं," वैजयंती म्हणाली.