तिलकवती अक्काची बदली

आमच्या चेन्नईच्या ऑफिसात तिलकवती अक्का चौदा वर्षं एकाच खुर्चीत बसली. तिचा गुन्हा एकच. तिला काम येत होतं.

अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचा जुनापुराणा प्रोग्राम आम्ही सांभाळायचो. तो कुठे अडतो आणि का अडतो, हे फक्त अक्काला ठाऊक. तिचा नवरा आणि सात वर्षांची लेक मदुरैला. दर शुक्रवारी बस पकडायची, सोमवारी डोळे चोळत थेट ऑफिसात. मदुरैलाही आमचं ऑफिस आहे. तिथे बदली हवी, एवढंच तिचं मागणं. मॅनेजर ज्ञानप्रकाशम दर वेळी म्हणायचा, "तुझ्या जागी माणूस तयार कर, लगेच सोडतो."

तिने सहा जण तयार केले. इतकं सुरेख शिकवलं, की चार-सहा महिन्यांत प्रत्येकाला दुसऱ्या कंपनीने उचललं. जाताना तिला मिठाई देऊन गेले, मेले!

"मग तूच का नाही सोडत?" मी एकदा वैतागून विचारलं.

"अगं, अप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन कंपनीच्या विम्यावर झालं. आम्हाला दमडी लागली नाही. उद्या परत काही झालं तर? नव्या कंपनीचा विमा म्हाताऱ्या वडिलांना घेईल का?"

तिचं खरंच होतं, म्हणून जास्तच चीड आली.

सातवी मी. आणि मलाही बंगळूरच्या कंपनीने बोलावलं. लाज वाटली, पण नाही म्हणवेना. चार दिवसांनी जेवताना अक्काला सांगितलं. ती दहीभात कालवत राहिली.

"नोटिशीचे तीन महिने आहेत ना? मग आठव्याला तू शिकव."

"मी? अक्का, मला धड समजावता कुठे येतं?"

"म्हणून तर!" ती हसली. "माझ्याकडे शिकला की पळतो. तू काम चालेल एवढं शिकव, समजेल एवढं नको. मग त्याला मुलाखतीत कोण विचारतंय?"

आठवा होता मुत्तुवेल, शांत, मलाही अक्का म्हणणारा आणि मन लावून लिहून घेणारा. कधी काय दाबायचं ते मी सगळं सांगितलं. का दाबायचं, हे त्याने विचारलं की म्हणायचे, "ते नंतर बघू रे." तीन महिन्यांत त्याचं काम बिनचूक चालायला लागलं. ज्ञानप्रकाशमला आणखी कारण सापडेना. जूनमध्ये अक्का मदुरैला गेली. लेकीला शाळेत सोडतानाचा फोटो तिने मला पाठवला, तेव्हा मी बंगळूरच्या ऑफिसात सगळ्यांसमोर रडले.

तीन वर्षं झाली. परवा मुत्तुवेलचा फोन आला. लग्न ठरलंय, मुलगी कोइंबतूरची, तिथल्या ऑफिसात बदली हवी आहे.

"ज्ञानप्रकाशम सर म्हणतात, माणूस तयार कर. माणूस दिलाय त्यांनी, पोरगी हुशार आहे. पण अक्का, ती सारखी 'का' विचारते. ते तुम्ही नंतर सांगणार होतात."