दौलताबादच्या घाटातलं माझं भाषण

माझ्या फजितीचे किस्से पुष्कळ आहेत, पण हा मी सहसा बाहेर काढत नाही. आधी चहा ओता. आणि ऐकताना हसू आलं तर खुशाल हसा, मलाही येतं अधूनमधून.

तेव्हा मी खानदेशात, म्हणजे इंग्रजी मुलखात, एका लहानशा स्टेशनावर तारबाबू होतो. लोकांचे निरोप इकडून तिकडं पोचवायचे, हा माझा धंदा. कुणाला मुलगा झाला, कुणाचा बाप गेला, सगळं माझ्या बोटांखालून जायचं. घरात मात्र दहा महिने एक निरोप तुंबला होता.

आमची छबी दीड वर्षाची होऊन तापानं गेली. चौदाव्या दिवशी मी तिचा पाळणा उतरवला आणि पॉइंट्समनच्या घरी देऊन टाकला. बायकोला विचारलं नाही. संध्याकाळी तिनं तुळईची रिकामी कडी पाहिली, माझ्याकडं पाहिलं, आणि तेव्हापासून आमच्यात 'जेवायला वाढलंय' आणि 'दार लावून घ्या' एवढंच उरलं. तिच्या मते मला काळीज नव्हतं. नसेलही. पण पाळणा मी का दिला, ते मला सांगता येत नव्हतं.

शेवटी माझी थोरली बहीण म्हणाली, "अरे, तिला हवापालटाला ने कुठं तरी. नाही तर ती भिंतीशी बोलायला लागेल." भिंतीचं नशीब थोर, असं माझ्या मनात आलं. रेल्वेचा पास होता, तर ठरवलं मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात जायचं. दौलताबादचा किल्ला चढायचा, वेरूळची लेणी बघायची. शेजारीपाजारी विचारायला लागले, "परदेशात चाललात म्हणे?" परदेशच की तो. राजा वेगळा, टपालाची तिकिटं वेगळी, आणि औरंगाबादच्या स्टेशनावर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या शिपायानं आमच्या गाठोड्यातल्या चकल्यासुद्धा उलट्यापालट्या करून पाहिल्या.

सकाळीच शहागंजातून टांगा केला. टांगेवाल्याचं नाव इब्राहीम. त्यानं न विचारता मागच्या बाजूला चारी अंगांनी पडदा सोडला. म्हणाला, "आमच्या इथं इज्जतदार घरची बाई म्हंजी पडदा, साहेब. तुम्ही म्होरं बसा माझ्यापाशी." बायको मुकाट्यानं आत बसली. मला वाटतं तिला बरंच वाटलं असावं. माझं तोंड दिसणार नव्हतं.

मी मनाशी ठरवलं होतं की किल्ल्याच्या अंधारीत, त्या काळोख्या भुयारात, सगळं बोलून टाकायचं. अंधारात माणसाला धीर येतो म्हणतात. अंधारीत शिरलो, वाटाड्या मशाल घेऊन पुढं, मी मधे, ही मागं. मी "अगं, ऐक" एवढं म्हणालो आणि तोंडावरून वटवाघूळ गेलं. पुढचं वाक्य पोटातच राहिलं. वर बारादरीच्या महालापर्यंत आम्ही धापा टाकत चढलो, चारी दिशा पाहिल्या आणि उतरलो.

आता नीट ऐका, कारण गाढवपणा इथं झाला. खाली दरवाजापाशी आमच्यासारखाच दुसरा टांगा उभा होता. त्याच अड्ड्याचा, तोच हिरवा चौकड्यांचा पडदा. हैदराबादेकडचं एक म्हातारं जोडपं आमच्याच वाटेनं खुलताबादेला दर्ग्यावर चाललं होतं. बायका आडोशाला पाणी प्यायल्या. तिथला रिवाज असा की बायका टांग्यात चढेपर्यंत पुरुषांनी पाठ फिरवून उभं राहायचं. ते म्हातारेबुवा उभे राहिले, दोन्ही टांगेवाले उभे राहिले. मी परमुलखातला पाहुणा, मी तर दोन पावलं पुढं जाऊन किल्ल्याकडं तोंड करून उभा राहिलो. पुढं टांगा हलल्यावर पडद्याआड वाकून बघायची हिंमत कोण करणार?

घाट लागला तसा इब्राहीम उतरला आणि घोड्याचा लगाम धरून चालू लागला. मीही उतरलो आणि पडद्याच्या बाजूनं, चाकाच्या कडेकडेनं घाट चढायला लागलो. दुसरा टांगा बराच पुढं गेला होता. रस्त्यावर कुणी नव्हतं. आणि काय झालं कोण जाणे, माझा घसा मोकळा झाला.

"तुला वाटतं मला काही वाटलं नाही," मी पडद्याला म्हणालो. "अगं, दुपारची मेल गेली की क्वार्टर हादरतं. तो हादरा तुळईला बसायचा आणि पाळणा आपोआप हलायला लागायचा. आत कुणी नाही आणि पाळणा हलतोय. रोज. मी तारेवर बसलेलो असायचो, मेल गेली की बोटं थांबायची. घरी पाळणा हलत असेल, एवढंच डोक्यात. मला ते सोसेना, म्हणून दिला. तुला विचारायला हवं होतं. चुकलो मी."

पडद्याआडून सूं सूं आवाज आला. रडत होती! दहा महिन्यांत ती माझ्यासमोर रडली नव्हती. मग मी कसला थांबतोय? छबी गेल्यावर माझ्या आईनं तिला बोल लावले तेव्हा मी गप्प बसलो, त्याची माफी मागितली. छबीचं टोपडं माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे, तेही सांगितलं. सबंध घाट मी बोलत होतो. लग्नाला सहा वर्षं झाली होती, त्यात मिळून एवढं बोललो नसेन.

खुलताबादच्या वेशीपाशी टांगा थांबला. मी मागं गेलो, पडदा जरा बाजूला केला आणि हात पुढं केला. "ये, उतर," म्हणालो. आतून हात आला आणि त्यानं माझा हात घट्ट धरला. सुरकुतलेला, मेंदी लावलेला, बोटांत चांदीच्या चार अंगठ्या. मागून बुरखा, आणि बुरख्यातून तपकिरीचा वास.

समोर म्हातारेबुवा स्वतःच्या टांग्यापाशी उभे होते आणि त्यातून माझी बायको उतरत होती. मी हात असा सोडला की म्हातारी पडता पडता वाचली. आता इथंच आपली मयत निघणार, अशी माझी खात्री झाली. पण ते सभ्य गृहस्थ. छातीला हात लावून म्हणाले, "माफ करना साहब, अमानत बदल गई."

म्हातारीला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. ती नवऱ्याला म्हणाली, "मैं समझी टांगेवाला घोड़े कू मना रा. कित्ता बोलता माँ, घोड़ा बी थक गया हुंगा." आणि बुरख्याआड चिमूट नेऊन सूं करून तपकीर ओढली.

मी बायकोला बाजूला घेतलं. "अगं, तुला कळलं कसं नाही, पुढं परका माणूस बसलाय ते?"

ती म्हणाली, "पडद्यापलीकडं कुणीतरी बसलं होतं. सबंध वाटेत एक शब्द बोललं नाही. मला वाटलं, तुम्हीच."

पुन्हा टांग्यात बसलो, ती मागं, मी पुढं. वेरूळचा उतार लागला. तेच सगळं पुन्हा सांगायचं म्हणून मी चारदा खाकरलो. नाही म्हणजे नाहीच. मघाशी घोड्यासमोर धो धो वाहिलेला माणूस कोरडा ठाक पडला होता.

इब्राहीमनं माझ्याकडं पाहिलं. हळूच म्हणाला, "साहेब, म्या सांगू का बाईसाहेबास्नी? समदं याद हाय मला."

मी मान हलवली. त्यानं लगाम सैल सोडला, पडद्याकडं तोंड वळवलं आणि सांगायला लागला. मेल, हादरा, तुळई, पाळणा, टोपडं. एक गोष्ट सोडली नाही. माझ्यापेक्षा बरं सांगितलं. मी शेजारी बसून घोड्याचे कान बघत होतो.

मग पडद्याआडून ती म्हणाली, "भाऊ, त्यांना सांगा. गाडी गेली की तो हलायचा, म्हणून तर मला तो हवा होता."

इब्राहीम वळला. त्याच्यात आणि माझ्यात वीतभर अंतर नव्हतं, माझ्यात आणि तिच्यात एक फडकं होतं. तरी त्यानं शब्दन् शब्द मला सांगितला. "साहेब, बाईसाहेब म्हनत्यात, गाडी गेली का त्यो हलायचा, म्हनून तर त्यास्नी त्यो पायजे हुता."

आता तरी पडदा सारून मागं वळायचं की नाही? पण आम्ही पडलो तारबाबू.

"त्यांना सांग," मी म्हणालो, "निरोप पोचला म्हणावं."