हॉब्जांच्या घरातला रकर

शैलजावहिनी मूळच्या नागपूरच्या. ओळखीपाळखीत लग्नं जमवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. नवरा संजय रिटायर झाल्यावर दोघं अल्फारेटा शहरातलं घर विकून दोन तासांवरच्या पार्सन्स काउंटीतल्या एका खेड्यात राहायला गेली. संजयला शांतता हवी होती. वहिनींना ती महिनाभरही सोसली नाही. त्या तिथल्या इतिहास मंडळात व्हॉलंटियर झाल्या.

मंडळ म्हणजे जुन्या कोर्टामागची एक खोली. लोक तिथं आपापले खापरपणजे शोधत येतात. माणूस खुर्चीत टेकायच्या आत वहिनी विचारतात, "आईचं माहेर कुठलं?"

एकदा वेंडेल हॉब्ज आला. वय ऐंशीच्या पुढे. त्याच्या पणजीच्या थडग्यावर नुसतं 'इलायजा हॉब्जची बायको' एवढंच कोरलेलं. दर मे महिन्यात सगळे हॉब्ज कबरी साफ करून फुलं वाहायला जमतात. त्याआधी दगडावर तिचं नाव यावं, एवढीच त्याची इच्छा. "पुढच्या वर्षीच्या मेचं डॉक्टर काही बोलत नाही," तो म्हणाला.

वहिनींनी त्याच्या आजोबांचं पूर्ण नाव विचारलं. जेम्स रकर हॉब्ज.

"म्हणजे त्यांचे वडील रकर," वहिनींनी निकाल दिला.

"वडील इलायजा. मिस शैलजा, तुम्ही माझ्या पणजीच्या घरात भलताच पुरुष घुसवताय."

मंडळाची अध्यक्ष डार्लीन पोट धरून हसली. संध्याकाळपर्यंत ही बातमी चर्चमधून पेट्रोलपंपावर पोचली आणि तिथं लोक संजयलाच तपशील विचारायला लागले. बिचाऱ्याची शांतता संपली.

वहिनी मात्र अडून बसल्या. "आमच्यात मधे बापाचं नाव, नाहीतर नवऱ्याचं. तुमच्यात नसेल. पण ती जागा तुम्ही उगाच भरता का? हा रकर कोणीतरी असणारच ना?"

डार्लीनचं हसू ओसरलं. "इथल्या बायका पूर्वी माहेरचं आडनाव मुलाच्या नावात मधे घालायच्या. ओढ्यापलीकडे रकर आहेत. पण हॉब्ज आणि रकर एकमेकांच्या मयतालासुद्धा जात नाहीत, म्हणून कुणाच्या डोक्यात आलं नाही."

वहिनींनी वेंडेलला गाडीत घातलं आणि नव्वदीच्या ओपल रकरकडे नेलं. तो गाडीतून उतरेना. वहिनी एकट्याच ओसरीवर जाऊन बसल्या.

"मिस ओपल, तुमच्याकडची मुलगी हॉब्जांकडे दिली होती का?"

"दिली नव्हती. इलायजाबरोबर पळून गेली होती," म्हातारी म्हणाली. "टॅबिथा. माझ्या आजोबांची बहीण. घरात तिचं नाव काढायची बंदी होती."

"मग मला कसं सांगितलंत?"

"तू विचारलंस. इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही."

मे महिन्यात नवा दगड बसला: टॅबिथा रकर हॉब्ज. चार रकरही आले. लांब उभे राहिले, पण बटाट्याचं सॅलड दोनदा घेतलं.

"बघा मिस शैलजा," वेंडेल म्हणाला, "मधे माणूस आहे."

वहिनींनी दगड नीट वाचला. "हे झालं माहेर. बापाचं नाव राहिलंच की," म्हणाल्या, आणि प्लेट घेऊन रकरांकडे निघाल्या.