एकट्याचं गाऱ्हाणं

हे लिहायचं मी चाळीस वर्षं टाळलं. तात्यांचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो.

घाटकोपरच्या आमच्या चाळीत कुणी हवालदिल झालं की आधी माझ्या शेजारच्या खोलीतल्या तात्यांना बोलावणं जाई. समोर नारळ ठेवून, डोळे मिटून ते मालवणीत देवाला गाऱ्हाणं घालत आणि भोवतालची माणसं प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणत. उत्तर द्यायला माणूस हवाच, हा त्यांचा हट्ट. “एकट्याचा गाऱ्हाणा म्हणजे नुसती कुरकुर,” म्हणायचे.

गाऱ्हाणं संपलं की पाठीत थाप. “देवाक सांगून झाला. आता डॉक्टराक सांग!”

माझ्या बायकोला, सुमनला, ताप चढला तेव्हाही त्यांनी हेच बजावलं. “विष्णू, आजच हॉस्पिटलात ने तिका.”

“देवाला सांगितलंय ना तात्या? बघू दोन दिवस.”

“देव काय टॅक्सी आणतलो रे?”

मी दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी नेली. वाचली नाही. मागे आमची लहान लेक राहिली.

बाराव्याला कुणीतरी म्हणालं, एवढं गाऱ्हाणं घातलं होतं ना? मी सगळ्यांदेखत बोलून गेलो, “तात्यांच्या वाचेला यश नाही.” तात्या समोरच बसले होते. त्या दोन दिवसांचं ते सांगू शकले असते. त्यांनी मान खाली घातली.

चाळीला तेवढं पुरलं. त्यांना बोलावणं बंद झालं.

वर्षभरात काकू, त्यांची बायको, अंथरुणाला खिळल्या. डॉक्टरांनी हात टेकले. एका सकाळी तात्या नारळ घेऊन माझ्या दारात उभे. “विष्णू, गाऱ्हाणा घालतंय. कोणच येवक तयार नाय. तू फक्त ‘व्हय म्हाराजा’ म्हण.”

“कामावर जायचंय,” मी म्हणालो. रविवार होता.

मग भिंतीपलीकडून ऐकू आलं. वाक्य तात्यांचं, उत्तरही तात्यांचंच. उत्तर देताना ते आवाज बदलत होते.

काकू गेल्या. तात्या मानखुर्दला भाच्याकडे राहायला गेले. बऱ्याच वर्षांनी मी एकदा तिथे गेलो. एकच वाक्य वाटभर घोकत होतो. त्यांनी मला पाहिलं आणि खुर्ची पुढे केली. “बस रे. लेक कशी आसा? बिनआवशीची पोर ती, जप तिका.” मी चहा प्यायलो, भाच्याच्या नोकरीची चौकशी केली, उठलो. तात्या जिन्यापर्यंत आले. कठड्याला धरून बराच वेळ थांबले.

‘तात्या, उशीर मी केला होता.’ एवढंच म्हणायचं होतं.

मी “येतो” म्हणालो आणि जिना उतरलो.