सत्त्याऐंशीच्या गाडीवर अठ्ठ्याऐंशीचं कवच

ओरियानो मेकॅनिकला बायकोचा वाढदिवस विचारू नका, बिचारा घाम पुसत बसेल. पण कुठल्या सालच्या सव्वाशे सीसीच्या मोटरसायकलला पुढे जाड शॉकअप आले, कुठल्या साली टाकीवरचा लाल पट्टा अर्ध्या बोटाने रुंदावला, ते घडाघडा सांगेल. म्हणून तर जुन्या गाड्यांच्या मंडळाने त्याला तपासनीस केलं. फाएंझा शहरापासून आमच्या गावापर्यंत कुठल्याही गाडीला ‘ऐतिहासिक’ म्हणवून घ्यायचं, तर कागदावर ओरियानोची सही लागते.

गेल्या वसंतात यादेर आपली गाडी घेऊन आला. बावन्न वर्षांचा बाप्या, पण गाडीजवळ उभा राहिला की सोळाचाच.

“करा सही, काका. गावातली पहिली अठ्ठ्याऐंशी सालची!”

“प्लग तेलकट वाटतोय,” ओरियानो म्हणाला. “पुढच्या शनिवारी बघू.”

असे तीन शनिवार गेले. मी म्हटलं, “ओरियानो, प्लग आहे का सासू? किती घाबरशील?” तो हसला नाही. तो का हसत नाही, हे मला ठाऊक होतं.

अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास आमच्याकडे सोळावं लागलं की पोराला सव्वाशेची गाडी हवीच. दर नोव्हेंबरात मिलानच्या प्रदर्शनात नवं मॉडेल यायचं आणि कालची गाडी आज म्हातारी व्हायची. यादेरचा वाढदिवस मार्चात होता. तेव्हा गाड्याही विकणाऱ्या ओरियानोने नवी गाडी कबूल केली होती, पण कारखान्यातून आलं ते नुसतं बाहेरचं कवच आणि स्टिकर. दुकानात गेल्या सालची एक न खपलेली गाडी होती. ओरियानोने तिच्यावर नवं कवच चढवलं. किंमत जुनीच लावली, वर म्हणाला, “ओळखीत सूट.” जूनमध्ये शॉकअप बदलू, हा बेत. पण यादेर गाडीला कोणाला हात लावू देईल तर ना!

यादेरचा मोठा भाऊ वाइनेर मात्र कॅफेपुढे गाडी बघून तिथल्या तिथे म्हणाला, “येड्या, हे तर माझ्या गेल्या सालच्या गाडीसारखेच शॉकअप! फसवलं तुला.”

“जळतोस तू! ओरियानोकाका, सांगा याला.”

कॅफेत चाळीस माणसं होती. ओरियानो म्हणाला, “नवीच आहे.”

यादेरने भावाला खोटारडा म्हटलं आणि कॉलर धरली. वाइनेर कालव्यापलीकडे राहायला गेला. छत्तीस वर्षं दोघं बोलले नाहीत. आईला पुरलं तेव्हाही खड्ड्याच्या दोन बाजूंना दोघं उभे.

चौथ्या शनिवारी ओरियानोने स्क्रू-ड्रायव्हर यादेरच्या हातात दिला.

“कवच तूच काढ. चासीचा नंबर वाच.”

यादेरने वाचला. पुन्हा वाचला. सत्त्याऐंशीचा होता.

“वाइनेर खरं बोलत होता,” ओरियानो म्हणाला. “खोटं मी बोललो.”

यादेर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, “आईच्या वेळी तो माझ्या शेजारी नव्हता, काका.” कवच तिथंच जमिनीवर टाकलं आणि उघडी गाडी घेऊन कालव्याचा पूल ओलांडून वाइनेरकडे गेला. आम्ही तिघं-चौघं सायकलवर मागोमाग. काळजीने म्हणा हवं तर.

वाइनेर बाहेर आला. वाकून शॉकअप बघितले.

“जुनेच.”

“हो.”

“सांगितलं होतं.”

“हो.”

मग वाइनेर म्हणाला, “जेवलास?”

आता रविवारी दोघं भाऊ कॅफेत एका बाजूने पत्ते खेळतात आणि भांडतात. ओरियानो आला की पानं खाली ठेवून उठतात. तो एकटाच कॉफी पितो. ते कवच त्याने दुकानात भिंतीला टांगलंय, गिऱ्हाइकाला समोरच दिसेल असं.

काल म्हणाला, “छत्तीस वर्षं रे. एका शब्दाचं काम होतं.”

मी मान हलवली. गावभरच्या बातम्या मी कॅफेत सांगत आलो. पण त्या मार्चात कवच चढवायला दोन माणसं लागली होती आणि दुसरं टोक मी धरलं होतं, एवढी एक बातमी अजून कोणाला सांगितलेली नाही. ओरियानोनेही सांगितलेली नाही.