पाण्याखालची रोवणी

गोंदियात स्कूबा डायव्हिंगचा क्लब आहे असे सांगितले की माणसे आधी हसतात आणि मग इथे समुद्र कुठे आहे म्हणून विचारतात. समुद्र नाही. तलाव आहेत, आणि दिवाळीनंतर गाळ खाली बसला की होळीपर्यंत त्यांतले पाणी निवळ राहते. तेवढाच आमचा हंगाम. आम्ही अकरा जण आहोत आणि श्वास घेण्याचे संच चार. त्यामुळे कोण कधी उतरणार, कोण काठावर थांबणार, हे आधी ठरवावे लागते. दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही त्यासाठी बसतो.

क्लब सरांनी काढला. सर गोंदियाच्या एका कॉलेजात खेळ शिकवतात. तरुणपणी ते मालवणला जाऊन डायव्हिंग शिकून आले होते. मी त्यांचा विद्यार्थी. माझे गाव कामठ्याच्या बाजूला, घरची धानाची शेती, आणि घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलेले नव्हते. दुसऱ्या वर्षाला मी कॉलेज सोडून राइस मिलमध्ये कामाला लागणार होतो. सर कुठून तरी पत्ता काढून घरी आले. ओट्यावर बसून वडिलांशी तासभर धानाच्या जातींवर बोलले. माझा विषय त्यांनी उठता उठता काढला, "एवढं एक वर्ष जाऊ द्या, मग पाहू." त्या एका वर्षाची पुढे पदवी झाली, बी.एड. झाले, आणि आज मी अर्जुनी मोरगावच्या एका शाळेत शिकवतो. हे सगळे सांगायचे कारण असे की सरांनी सांगितलेले काम अर्धवट सोडणे मला कधी जमले नाही. हा गुण आहे असे मी बरीच वर्षे धरून चाललो होतो.

त्या रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे सेठच्या मिलच्या ऑफिसात बसलो. सेठ आमच्याच वयाचा, क्लबचा सभासद. श्वासाची हवा भरायचा वेगळा कॉम्प्रेसर त्याने मिलच्या मागच्या खोलीत बसवून घेतला आहे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सर यादी करत होते. सिलिंडर तपासून आणायचे. तातडीच्या वेळेसाठीचा ऑक्सिजनचा डबा नवा घ्यायचा. कॉलेजच्या बारा मुलामुलींची तुकडी डिसेंबरात.

"त्यांचा पहिला धडा यावर्षी तू घेशील," सर माझ्याकडे न पाहताच म्हणाले आणि यादीत माझे नाव लिहिले.

चार हंगाम मी याची वाट पाहिली होती. पहिला धडा म्हणजे नवीन माणसाला पाण्याखाली गुडघ्यांवर बसवून श्वास घ्यायला शिकवणे. तो देणारा माणूस सरांशिवाय दुसरा कोणी आजवर नव्हता.

"बढिया," सेठ म्हणाला. "अब मास्टरजी पानी में भी हाजिरी लेंगे."

सगळे हसले, मीही हसलो. मग सर शेवटच्या मुद्द्यावर आले. आम्ही उतरतो त्या तलावाच्या मच्छीमार संस्थेने निरोप पाठवला होता की यंदा परवानगी अशीच मिळणार नाही, आधी आमच्या सभेत या आणि मागच्या वर्षीचे सांगा.

मागच्या वर्षीचे, म्हणजे मागच्या हंगामातले, ते असे. जानेवारीत अशीच एक तुकडी यायची होती. काठापासून जवळ, साधारण दोन पुरुष खोल पाण्यात आम्ही नवीन मुलांना बसवतो. तिथे तळाशी दाट गवत झाले होते. ते पायातल्या फिनमध्ये अडकायचे आणि मुले घाबरायची. सरांनी मला सांगितले, दोघांना घे आणि वर्गखोलीएवढी जागा साफ करून ठेव. एका सकाळी आम्ही तिघांनी ती केली. उपटलेले गवत पोत्यांत भरून दूरच्या काठावर टाकले, ते दुपारपर्यंत गुरांनी खाल्ले. स्वच्छ चौकोनाचे फोटो आम्ही व्हॉट्सअपवर टाकले. त्याखाली अंगठे आले, हात जोडलेले आले, "तलाव स्वच्छता मोहीम" असेही कोणी लिहिले.

मे महिन्यात पाणी ओसरले तेव्हा तिथल्या ढिवर, म्हणजे मासेमार समाजाच्या, बायकांना तो चौकोन उघडा दिसला. ते गवत आपोआप उगवलेले नव्हते. आदल्या उन्हाळ्यात बचत गटाच्या बायकांनी ते दुसऱ्या तलावातून आणून चिखलात एकेक लावले होते. मासे त्यातच अंडी घालतात, पिल्ले त्यातच लपतात. तलावातले गवत संपले म्हणून मासे कमी झाले हे त्यांच्या लक्षात आले होते आणि त्यांनी ते परत लावायला घेतले होते. मासे अंडी घालतील म्हणून ज्या जागेवर त्यांची आशा होती, नेमकी तीच जागा आम्ही साफ केली होती.

"लेटर दे दो सर," सेठ म्हणाला. "गलती हो गई, मालूम नहीं था. खतम."

"पत्र तूच लिही," सर मला म्हणाले. "तुझं मराठी चांगलं आहे. आणि सभेत वाचायचंही तूच."

मी पत्र लिहिले. तीनदा लिहिले. त्यात एक वाक्य होते: "सदर वनस्पती लावलेली आहे याची आम्हाला कल्पना नव्हती." सरांना खरोखर नव्हती. माझ्यासोबतच्या दोघांनाही नव्हती. एक रेल्वेत नोकरीला आणि एक मोबाइलच्या दुकानात, दोघेही शहरात वाढलेले. त्या "आम्हाला" या शब्दात मी अकरावा माणूस म्हणून आरामात बसलो होतो.

मला कल्पना होती, हे मी तोवर कोणाला सांगितले नव्हते. पाण्याखाली त्या सकाळी मी गुडघ्यांवर बसून एक जुडगा उपटला, दुसऱ्याकडे हात नेला, आणि न पाहता हात बरोबर तिथे पडला. तिसऱ्यालाही तसाच. मी लहानपणापासून धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, रोपांची रोवणी केली आहे. मागे मागे सरकत, वाकून, डाव्या हातात रोपांची पेंडी. दोन चुडांमध्ये, रोपांच्या दोन जुडग्यांमध्ये, किती जागा सोडायची हे हाताला कळते, त्याला डोळे लागत नाहीत. इथे अंतर जास्त होते, पण सारखे होते. मी मान वर करून पाहिले. पाणी निवळ होते. समोर ओळी होत्या. थोड्या वाकड्या, माणसाने लावलेल्या असतात तशा.

मी थांबलो. किती वेळ ते सांगता येणार नाही, चार-पाच श्वास असतील. मग वाटले, रविवारी मुले येणार आहेत. सरांनी पहिल्यांदाच एखादे काम पूर्ण माझ्यावर सोडले आहे. वर जाऊन काय सांगू, गवत रांगेत दिसते म्हणून? सेठ वर्षभर चिडवेल. आणि मी पुढचा जुडगा उपटला.

संस्थेची सभा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, टिनाच्या शेडमध्ये होती. सर, सेठ आणि मी गेलो. पंचवीस-तीस माणसे असतील, निम्म्या बायका. अध्यक्ष म्हणून एक वयस्कर गृहस्थ खुर्चीवर होते, पण बोलत होत्या त्या बचत गटाच्या प्रमुख काकू. पन्नाशीच्या, आवाज बारीक, आणि कोणाला मध्ये बोलू देत नव्हत्या.

मी पत्र वाचले. वर्गात वाचतो तसे, स्पष्ट. वाचून झाल्यावर मागून एक माणूस म्हणाला, "पत्र त मस्त लिवलं, बाप्पा. फोटोयी मस्त होते. आमी पायलो व्हॉट्सअपवर."

थोडे हसू पसरले. काकू हसल्या नाहीत.

"मी शिकली नाही," त्या म्हणाल्या. "मले पत्रातलं समजत नाही. मी साधं पुसून रायली. आमी वरून पायतो त आमाले पाण्यातलं काही दिसत नाही. तुमी काच लावून आत जाता. मंग आत काय दिसलं तुमाले?"

सर उठले. "बाई, आमची चूक झाली. पोरांना माहीत नव्हतं, मी नीट चौकशी करायला पाहिजे होती. चूक माझी आहे."

"तुमी होते का आत?"

"नाही. मी काठावर होतो."

"मंग तुमी कायले बोलून रायले? जो आत होता त्याले बोलू द्या ना." फोटोंत मी होतो; त्या माझ्याकडे वळल्या. "काय गा गुरुजी, आमी मांडीभर चिखलात उभं राहून हातभर जागा सोडून लावलो. ते आपोआप रांगेत उगवते का?"

सर अजून उभेच होते. माझ्यासाठी उभे होते. ते पाहून मला बसून राहवेना. मी म्हणालो, "काकू, मला दिसलं होतं. ओळी दिसल्या होत्या. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, लावलेलं आहे हे मला कळलं होतं. तरी मी उपटलं. पत्रात लिहिलं ते बाकीच्यांचं खरं आहे, माझं खोटं आहे."

सेठ हळूच म्हणाला, "अरे यार, ये क्या कर दिया." सर खाली बसले. मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

"काऊन उपटलं मंग?" काकूंनी विचारले. आवाजात राग नव्हता. त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते.

"काम दिलं होतं म्हणून," मी म्हणालो. ते उत्तर मलाच फार लहान वाटले.

मग त्यांची आपसात बराच वेळ बोलणी झाली. कोणी म्हणाले यांना तलावात पायच ठेवू देऊ नका. कोणी म्हणाले, गेल्या वर्षी तळाशी अडकलेले जाळे यांनीच काढून दिले होते, तेही विसरू नका. शेवटी काकूंनी ठरले ते सांगितले. यंदा नवीन मुले नाहीत. शिकलेल्यांनी उतरायचे ते नावेतून, पलीकडच्या खोल बाजूला. काठाजवळच्या पाण्यात कोणी जायचे नाही.

"आन हा," त्यांनी माझ्याकडे बोट केले, "हा यंदा पाण्यात नाही. मे महिन्यात आमच्यासंग लावाले येईन. तो चौकोन हाच भरन. मंग पुढचं पुढं."

"हाव," मी म्हणालो.

"चिखल लय असते बरं गुरुजी. पँटची क्रीज मोडन," मागची एक बाई म्हणाली, आणि या वेळी काकूही हसल्या.

परतताना सर माझ्या मोटारसायकलवर मागे होते. सेठ गाडीने पुढे निघून गेला. धानाला लोंब्या आलेल्या होत्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. बऱ्याच वेळाने सर म्हणाले, "थांबव जरा."

मी बाजूला घेतली. ते उतरले नाहीत. माझ्या पाठीशीच बोलले, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसला नाही.

"पहिल्या दिवशी मी काय सांगतो सगळ्यांना? कोणालाही, केव्हाही वर यावंसं वाटलं तर खूण करायची आणि यायचं. कारण कोणी विचारत नाही. नवा असो की जुना."

"हो सर."

"मग?"

"तुमचं काम होतं सर. अर्धवट कसं सोडणार."

"मी तुझ्या घरी आलो होतो ते तू असं माझं ऐकत राहावं म्हणून नाही आलो," ते म्हणाले. "तू चांगला पळायचास म्हणून आलो होतो. संघात एक माणूस कमी पडत होता." आणि मग, "चल. उशीर होतोय."

मला हे नवीन होते. मी इतकी वर्षे त्या भेटीचे केवढे काय करून ठेवले होते. पण त्यामुळे ती भेट लहान झाली असेही मला वाटले नाही. उलट सर आता मला थोडे जवळचे वाटले, आणि त्यांना नाही म्हणता येईल असेही वाटले.

पुढच्या रविवारी मिलच्या ऑफिसात आम्ही पुन्हा बसलो. सरांनी कॅलेंडर उलटे करून तुकडीच्या ओळीवर काट मारली, पहिल्या धड्यासमोरच्या माझ्या नावावरही. मग विचारले, काठावर नोंद कोण ठेवील? कोण किती वाजता उतरला, सिलिंडरमध्ये किती हवा होती, किती वाजता वर आला. हे कंटाळवाणे काम म्हणून आम्ही पाळीपाळीने करायचो. मी म्हणालो, पूर्ण हंगाम मी ठेवतो.

"और ऊपर से चिल्लाना मत, लाइन में चलो, लाइन में चलो," सेठ म्हणाला. त्याचा राग बहुतेक गेला होता.

आता हंगाम अर्धा झाला आहे. दर रविवारी सकाळी मी पाळीवर सतरंजी टाकून वही घेऊन बसतो. नाव खोल बाजूला जाते, माणसे उतरतात, पाण्यावर बुडबुडे येतात आणि मी घड्याळ पाहत राहतो. काठाजवळचे पाणी माझ्या समोरच असते. त्यात काय चालले आहे ते वरून काही दिसत नाही.

मागच्या आठवड्यात काकू शिंगाड्यांची टोपली घेऊन पाळीवरून जात होत्या. माझ्याजवळ थांबल्या.

"आज पाणी कसं हाय गा आत?"

"मला माहीत नाही काकू," मी म्हणालो. "ते वर आले की विचारून सांगतो."

त्यांनी टोपली खाली ठेवली आणि त्या उत्तराची वाट पाहत थांबल्या.